रिकाम्या जागा बघायला जाताना : इनर मंगोलियातले तीन दिवस

(सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



आज आपल्याला प्रवासाबद्दल बोलायचंय, पण स्थळांची यादी आणि फोटो असं काही मी आणलेलं नाही. मी एकच प्रश्न घेऊन आलोय. एखादी जागा आपल्याला 'रिकामी' दिसते, तेव्हा ती खरंच रिकामी असते का? आणि असेल, तर ती कुणी रिकामी केली?

हा प्रश्न मला पडला तो चीनच्या उत्तरेला, इनर मंगोलियात. आम्ही पुण्याहून निघालेले बावीस जण होतो. बहुतेक निवृत्त, दोन-तीन तरुण मुलं, एक डॉक्टर, आणि गटसहलीत हमखास असतात तसे एक काका, ज्यांना प्रत्येक ठिकाणी "यापेक्षा आपलं महाबळेश्वर बरं" असं वाटतं. तिथली नेहमीची सहल तीन दिवसांची असते. पहिला दिवस गवताळ प्रदेश, दुसरा वाळवंट, तिसरा ओर्दोस शहर. तिन्ही दिवस बसमध्ये एकच वाक्य ऐकू येत होतं : "अहो, इथे कुणीच नाही!" पहिल्या दिवशी ते कौतुकानं म्हटलं गेलं, दुसऱ्या दिवशी थोड्या भीतीनं, आणि तिसऱ्या दिवशी चक्क हसत.

माझं म्हणणं असं, की या तिन्ही 'कुणीच नाही'ची कारणं वेगवेगळी आहेत. ती समजून घेतली, तर प्रवास वेगळाच होतो. नाही घेतली, तर आपण फक्त मोठमोठ्या मोकळ्या जागांसमोर उभं राहून फोटो काढून येतो.

आधी नकाशा

मंगोलिया नावाचा स्वतंत्र देश आहे, राजधानी उलानबातर. आपण बोलतोय ते इनर मंगोलिया वेगळं. तो चीनचा स्वायत्त प्रदेश आहे, १९४७ साली स्थापन झालेला. क्षेत्रफळ साधारण ११ लाख ८० हजार चौरस किलोमीटर. आपला महाराष्ट्र तीन लाखांच्या थोडा पुढे आहे, म्हणजे जवळजवळ चार महाराष्ट्र. लोकसंख्या मात्र २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे २ कोटी ४० लाख. त्यात मंगोल ४० लाखांच्या थोडे वर, बाकी बहुतेक हान चिनी. आता गंमत बघा. स्वतंत्र मंगोलिया देशाची एकूण लोकसंख्याच ३५ लाखांच्या आसपास आहे. म्हणजे मंगोल माणसं मंगोलियात आहेत त्यापेक्षा जास्त चीनच्या या प्रदेशात आहेत, आणि स्वतःच्याच प्रदेशात ती अल्पसंख्य आहेत. हे डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

राजधानी होहोत. मंगोल भाषेत त्याचा अर्थ निळं शहर. २०१९ च्या अखेरीला बीजिंगहून तिथपर्यंत वेगवान रेल्वे सुरू झाली, आता साधारण अडीच तासांत माणूस पोचतो. होहोतच्या नैर्ऋत्येला पिवळी नदी, म्हणजे ह्वांग हो, एक प्रचंड वळण घेते. आधी उत्तरेला जाते, मग पूर्वेला, मग दक्षिणेला. तीन बाजूंनी नदी, चौथ्या बाजूला चीनची भिंत, आणि मधे जे पठार उरतं ते ओर्दोस.

'ओर्दोस' हा शब्द आपल्याला परका नाही. 'ओर्दू' म्हणजे छावणी, खानाचा तळ. हाच शब्द तुर्की भाषांतून फिरत फिरत दिल्लीच्या शाही छावणीपर्यंत आला आणि तिथल्या भाषेला 'उर्दू' नाव मिळालं. ओर्दोस हे त्याचं अनेकवचन : तंबूंचे महाल. हे नाव चंगीझखानाच्या स्मृतीसाठी जपलेल्या पांढऱ्या तंबूंशी जोडलं जातं. दारखाद नावाचे मंगोल लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यांची राखण करत आले. आज तिथे १९५४ ते ५६ मधे बांधलेलं स्मारक आहे. त्यात चंगीझखानाचा देह नाही, फक्त स्मृतिचिन्हं आहेत. ती चिन्हंही १९३९ साली जपानी सैन्याच्या भीतीनं पश्चिमेला हलवली होती आणि १९५४ मधे परत आणली. म्हणजे या मुलखात देवस्थानसुद्धा उचलून नेण्याजोगं असतं. हलतं राहणं हा तिथला मूळ स्वभाव आहे.

पहिला दिवस : गवत

होहोतच्या उत्तरेला, डोंगर ओलांडला की शिलामुरेनचा गवताळ प्रदेश लागतो. बस थांबते, कुणीतरी निळा रेशमी रुमाल गळ्यात घालून स्वागत करतं, मिठाचा दुधाळ चहा येतो. आपल्या लोकांचं तोंड पहिल्या घोटाला जरा वाकडं होतं, दुसऱ्या घोटाला सवय होते. राहायला 'गेर'. खरा गेर म्हणजे लाकडी जाळीवर लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचा गोल तंबू. तास-दोन तासांत उतरवता येतो, उंटावर किंवा गाडीवर लादता येतो. आम्हाला मिळाला तो सिमेंटचा होता. आत कमोड, टीव्ही, सगळं. काका खूश.

मी मात्र त्या सिमेंटच्या गेरवरच अडकलो. ज्या घराचा सगळा अर्थच हलण्यात आहे, ते घर जमिनीत रुतवून टाकलंय. गवताळ प्रदेशाची अख्खी गोष्ट त्या एका वस्तूत आहे.

नीट समजून घेऊ. कोरड्या गवताळ प्रदेशात पाऊस कमी असतो, पण खरी अडचण वेगळी आहे. तो कुठे पडेल याचा भरवसा नसतो. यंदा या टेकडीमागे गवत, पुढच्या वर्षी तीस किलोमीटर पलीकडे. अशा ठिकाणी शहाणपण एकच : जनावरं घेऊन गवताच्या मागे जायचं. आपल्याकडचे धनगर हेच करतात. पावसाळ्यात देशावर, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणाकडे. ज्याच्या शेतात मेंढ्या बसवतात, त्याच्याकडून धान्य घेतात, आणि शेताला खत मिळतं. यात भटकेपणा दिसतो, पण आत पक्का हिशोब असतो. मंगोल पशुपालकांचा हिशोबही तसाच. जमीन रिकामी दिसायची, कारण तिची पाळी यायची होती. तिला विश्रांती दिलेली होती.

हा हिशोब दोन टप्प्यांत मोडला. पहिला टप्पा नांगराचा. शानशी आणि शान्शी या दक्षिणेकडच्या प्रांतांतून दुष्काळानं आणि दाटीनं हैराण झालेले शेतकरी उत्तरेला सरकत होतेच. १९०२ पासून छिंग दरबारानं मंगोलांच्या कुरणांची जमीन शेतीसाठी उघडण्याचं अधिकृत धोरण घेतलं. आता या जमिनीचा वरचा थर पातळ, खाली वाळू. गवताच्या मुळांनी ती धरून ठेवलेली. नांगर घातला की दोन-चार वर्षं पीक येतं, मग वारा वाळू उडवायला लागतो. शेतकरी पुढे सरकतो, मागे उघडी जमीन उरते.

दुसरा टप्पा कुंपणाचा. १९८० च्या दशकात सामुदायिक व्यवस्था मोडून आधी जनावरं आणि मग कुरणं कुटुंबवार वाटली गेली. कागदावर हे न्याय्य वाटतं. प्रत्येकाला आपला तुकडा, म्हणजे प्रत्येक जण काळजी घेईल. पण पाऊस तुकड्यांचे नकाशे बघून पडत नाही. यंदा माझ्या कुंपणात गवत नाही आणि शेजाऱ्याच्या कुंपणात आहे, तर मी जाऊ कुठे? मेंढ्या त्याच जागी फिरतात, विहिरीभोवतीची जमीन खुरांनी उखणली जाते. मग २००० च्या आसपास बीजिंगवर धुळीची वादळं यायला लागली आणि सरकारनं निष्कर्ष काढला : मेंढ्या जास्त झाल्या, चराई थांबवा. काही भागांत वर्षभर बंदी, काही भागांत गवत फुटण्याच्या काळात, साधारण एप्रिल ते जून. अनेक कुटुंबांना गावं सोडून वसाहतींत हलवलं. या धोरणाचं नाव 'पर्यावरणीय स्थलांतर'.

मी एकच बाजू सांगणार नाही. जनावरांची संख्या खरोखर वाढली होती. बाजारात मटण आणि कॅशमिअर लोकरीला भाव होता, तर कोण कमी ठेवेल? शास्त्रज्ञांत वाद आहे, की गवत गेलं ते मेंढ्यांनी, की कुंपणांनी, की कमी झालेल्या पावसानं. बहुधा तिन्ही मिळून. पण शिक्षा बघा कुणाला झाली. नांगर दरबाराच्या धोरणानं आला, कुंपण सरकारच्या धोरणानं आलं, आणि घर सोडावं लागलं ते मेंढपाळाला.

आमच्या तळावर घोडे फिरवणारा एक मध्यमवयीन माणूस होता. दुभाष्या बाईंमार्फत मी त्याला विचारलं, मेंढ्या किती? तो म्हणाला, आता थोड्याच, त्याही वसंतात गोठ्यात बांधून विकतचा चारा घालतो. पर्यटकांना फिरवून त्या चाऱ्याचे पैसे निघतात. म्हणजे आम्ही ज्या 'अस्पर्श निसर्गा'साठी आलो होतो, तो आमच्याच तिकिटाच्या पैशांवर उभा होता.

दुसरा दिवस : वाळू

दुसऱ्या दिवशी पिवळी नदी ओलांडून कुबुची वाळवंट. कुबुचीचा अर्थ धनुष्याची दोरी असा सांगतात. नदीचं वळण हे धनुष्य, आणि तिच्या काठानं पूर्व-पश्चिम ताणलेला वाळूचा पट्टा ही दोरी. लांबी सुमारे ४०० किलोमीटर, क्षेत्रफळ १८ हजार चौरस किलोमीटरच्या पुढे. इथे शियांगशावान नावाची जागा आहे. नावाचाच अर्थ आवाज करणाऱ्या वाळूचं वळण. उतारावरून घसरलं की वाळू घुमते. दूरवर विमान जातंय असं वाटतं.

यात चमत्कार नाही. कण अगदी कोरडे हवेत, साधारण एकाच आकाराचे, घासून गोल झालेले. असे लाखो कण एकदम घसरताना एकाच ठेक्यात एकमेकांवर आपटतात आणि अख्खा उतार ढोलाच्या पडद्यासारखा कंप पावतो. पाऊस झाला की आवाज बंद. आमच्यातल्या डॉक्टरबाई सहा वेळा घसरल्या. वय वर्षं अडुसष्ट.

वाळवंट तरी मूळचं रिकामं असेल ना? काही भाग, हो. वाळू हजारो वर्षांपासून आहे. पण तिचा विस्तार कमी-जास्त होत आलाय, आणि त्यात माणसाचा हात आहे. ओर्दोस पठाराच्या दक्षिण भागात मू उस नावाचं दुसरं वाळवंट आहे. मंगोल भाषेत मू उस म्हणजे वाईट पाणी. त्याच्या दक्षिण कडेला थुंगवानछंग नावाच्या शहराचे अवशेष आहेत. इसवी सन ४१३ मधे शिया नावाच्या राज्याच्या हेलियान बोबो या राजानं ती राजधानी बांधायला घेतली. पांढऱ्या मातीच्या कुटून घट्ट केलेल्या भिंती, अजून उभ्या आहेत. राजा राजधानीसाठी जागा निवडतो ती पाणी आणि कुरण बघूनच. पुढे पाच-सहा शतकांत तिथे वाळू आली, आणि ९९४ साली सुंग दरबारानं ते शहर मोडून लोकांना हलवण्याचा हुकूम दिला. म्हणजे या पठारावर शहर रिकामं होणं ही एकविसाव्या शतकातली बातमी नाही. हजार वर्षांपूर्वी ते एकदा होऊन गेलंय.

उलटा प्रवासही होतो. १९५० च्या दशकात वाळूतून रेल्वे न्यायची होती, तेव्हा निंगशिया प्रांतात शापोतोऊ इथे एक साधी युक्ती वापरली गेली. गव्हाच्या काडाचे मीटरभर लांबी-रुंदीचे चौकोन वाळूत अर्धे गाडायचे. बुद्धिबळाचा पट अंथरल्यासारखं दिसतं. जमिनीलगतचा वारा अडतो, चौकोनात वाळू स्थिरावते, ओल धरते, मग तिथे झुडूप लावायचं. काड कुजेपर्यंत झुडपानं मूळ धरलेलं असतं. १९७८ पासून उत्तर चीनमधे वृक्षपट्ट्यांची प्रचंड योजना सुरू आहे, ती २०५० पर्यंत चालायची आहे. कुबुची आणि मू उस दोन्हीकडे आज मोठे भाग हिरवे झालेत. बसमधून ते काडाचे चौकोन दिसतात. कुणी सांगितलं नाही, तर शेताचे वाफे वाटतात.

यातही दुसरी बाजू आहे. कोरड्या जमिनीत दाट झाडं लावली की ती भूजल पितात. काही ठिकाणी पॉप्लरची झाडं मधेच सुकून उभी राहिली. म्हणून आता झुडपं आणि गवत यांवर जास्त भर आहे. हिरवं दिसलं की सगळं बरं झालं, असं समजायचं नाही. रिकामं दिसलं की सगळं बिघडलं, हे जसं खरं नाही, तसंच हे.

तिसरा दिवस : शहर

आता ज्यासाठी अर्धी बस आली होती ते. ओर्दोसचं नवं शहर, खांगबाशी. 'चीनचं भुताचं शहर' म्हणून जगभर गाजलेलं.

पार्श्वभूमी अशी. ओर्दोस परिसरात चीनच्या एकूण कोळशाच्या साठ्यापैकी सुमारे एक षष्ठांश साठा आहे असं सांगितलं जातं. शिवाय नैसर्गिक वायू, शिवाय कॅशमिअर. २००० नंतर चीनचे कारखाने धडाडले, कोळशाचा भाव वाढला आणि या गरीब मुलखाचं दरडोई उत्पन्न बीजिंगच्या पुढे गेलं. २००१ मधे 'ओर्दोस शहर' असं नवं प्रशासकीय नाव मिळालं. जुनं केंद्र दोंगशेंग. तिथे दाटी, पाण्याची टंचाई. म्हणून साधारण पंचवीस किलोमीटर दक्षिणेला मोकळ्या माळावर नवं शहर बांधायला घेतलं, आणि २००६ मधे सरकारी कचेऱ्या तिकडे हलवल्या. आराखडा तीन लाख लोकांचा, काही बातम्यांत तर दहा लाखांचा.

मधे भला मोठा चंगीझखान चौक, त्यात उधळलेल्या दोन घोड्यांचा अवाढव्य पुतळा. एक ग्रंथालय, ते तिरक्या ठेवलेल्या तीन जाडजूड मंगोल ग्रंथांच्या आकाराचं. २०११ चं संग्रहालय, धातूनं मढवलेल्या वाळूच्या टेकडीसारखं. शिवाय २००८ मधे जगभरातल्या १०० वास्तुरचनाकारांना बोलावून प्रत्येकी हजार चौरस मीटरचे १०० बंगले बांधायची योजना काढली. हातावर मोजण्याइतकेच बंगले उभे राहिले.

२००९-१० मधे परदेशी पत्रकार आले. सहापदरी रस्ते, उंच इमारती, माणूस नाही. छायाचित्रं जगभर गेली. त्या वेळी तिथे राहणाऱ्यांचा अंदाज तीसेक हजारांचा होता.

आता एक बारीक गोष्ट. ती घरं न विकलेली नव्हती. बरीचशी विकली गेली होती, फक्त त्यांत कुणी राहत नव्हतं. हे कसं? चीनमधे शहरातली जमीन सरकारी. स्थानिक सरकार ती वापरण्याचा हक्क, घरांसाठी ७० वर्षांचा, बिल्डरला विकतं, आणि त्यातून त्याचा मोठा महसूल येतो. अधिकाऱ्याची बदली काही वर्षांत होते, आणि बढती मिळते ती विकासाचे आकडे बघून. म्हणजे बांधत राहण्यात त्याचा फायदा. दुसरीकडे सामान्य माणसाकडे कोळशाच्या खाणीला दिलेल्या जमिनीची भरपाई आलेली. बँकेत व्याज कमी, शेअर बाजाराचा भरवसा नाही. मग फ्लॅट घेऊन ठेवायचा. आपल्याकडे सोनं घेऊन ठेवतात तसा. त्यावर कडी म्हणजे खासगी व्याजबट्टा. शेजारी, नातेवाईक, मित्र यांच्याकडून पैसे गोळा करायचे, बिल्डरला चढ्या व्याजानं द्यायचे. आपल्याकडची भिशी आणि सावकारी एकत्र केली तर जे होईल ते.

२०११ मधे ही साखळी तुटायला लागली. पुढच्या वर्षी कोळशाचा भाव पडला. क्रेन थांबल्या. ज्यांनी नातेवाइकांचे पैसे फिरवले होते, त्यांची घरं आणि नाती दोन्ही मोडली. बाहेरच्या जगानं या शहराला 'भुताचं' म्हणून हसून घेतलं. आतल्या माणसांसाठी ते आयुष्यभराच्या बचतीचं नुकसान होतं.

आणि त्याच कोळशाची गवताशी पडलेली गाठ आपण विसरू नये. २०११ च्या मे महिन्यात, ओर्दोसपासून दूर, शिलिनगोल भागात, कुरणं तुडवत जाणाऱ्या कोळशाच्या ट्रकांना अडवायला उभा राहिलेला एक मंगोल पशुपालक ट्रकखाली मारला गेला. त्यावरून त्या प्रदेशात मोठी निदर्शनं झाली. पहिल्या दिवसाचं रिकामं गवत आणि तिसऱ्या दिवसाचं रिकामं शहर एकाच दोरीला बांधलेले आहेत, ते असे.

पण गोष्ट तिथे संपली नाही. खांगबाशी हळूहळू भरत गेलं. कसं? मुख्यतः शाळांनी. दोंगशेंगमधली नावाजलेली माध्यमिक शाळा नव्या शहरात हलवली. चांगली शाळा तिकडे म्हटल्यावर आई-बाप तिकडे. हे पुणेकरांना वेगळं समजावून सांगायला नको. जुन्या वस्त्या पाडून विस्थापितांना तिथले फ्लॅट दिले, म्हणजे नवी बांधण्याऐवजी रिकामी होती ती वापरली. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या एक लाखाच्या पुढे गेलेली होती. आराखड्यातले तीन लाख नाहीत, पण भुताचं शहरही नाही.

बसच्या वेळापत्रकातलं रिकामपण

आता आमची फजिती. आमची बस त्या चौकात पोचली दुपारी दीड वाजता. जुलैतलं ऊन, सावली नाही. चौकात आम्ही बावीस जण आणि ते दोन घोडे. काका म्हणाले, "अहो, एवढ्या उन्हात इथे भूत तरी कशाला येईल!" सगळे हसले, फोटो झाले. तेवढ्यात आमच्यातल्या एका काकूंनी दुभाष्या बाईंना सहज विचारलं, "तुम्ही कुठे राहता गं?" त्या म्हणाल्या, "इथेच. तिकडे मागे. मुलगा इथल्या शाळेत आहे. आता जेवून झोपला असेल."

बसमधे एकदम शांतता.

तीन दिवस जी बाई आमच्याबरोबर होती, तीच त्या 'कुणीच नाही' शहरात राहत होती. चीनमधे दुपारच्या जेवणाची सुट्टी लांब असते, बरेच जण घरी जाऊन पडतात. शिवाय अख्ख्या देशाचं घड्याळ बीजिंगप्रमाणे चालतं, त्यामुळे इतक्या पश्चिमेला उन्हाळ्यात सूर्य रात्री आठच्या आसपास मावळतो. लोक बाहेर पडतात ते संध्याकाळी. आम्ही त्यांना विनंती केली, जेवण लवकर उरकून सात वाजता बस परत आणता येईल का? आणली. त्याच चौकात आजीबाई रांगेत गाण्यावर नाच करत होत्या, पोरं चाकाच्या बुटांवर फिरत होती, कारंज्याभोवती गर्दी. मुंबईची नव्हे, तालुक्याच्या गावाची म्हणा. काका बाकावर बसून एका आजोबांशी खाणाखुणांनी बोलत होते. महाबळेश्वरचं नाव निघालं नाही.

गटाचा प्रवास हा असा असतो. वेळापत्रक ठरवतं आपल्याला काय दिसणार. जेवणाच्या, अंतराच्या, हॉटेलच्या सोयीनं बस पोचते, आणि त्या क्षणी जे दिसतं तेच त्या जागेचं सत्य होतं. बावीस जण एकाच वेळी तेच बघतात, म्हणून ते जास्तच खरं वाटतं. एकटा माणूस चुकतो तेव्हा त्याला शंका तरी येते. गट चुकतो तेव्हा एकमेकांना दुजोरा देतो. पण गटाची ताकदही हीच आहे. बावीस जणांत एखाद्या काकू असतातच, ज्या साधा प्रश्न विचारतात.

जाणार असाल तर

चार गोष्टी सांगतो आणि थांबतो.

एक, एका जागी दोन वेळा जा. शहर दुपारी आणि संध्याकाळी, वाळवंट उन्हात आणि पहाटे. एखादं ठिकाण कमी करा, पण हे करा.

दोन, गवतावर चालकाला नवी वाट पाडायला सांगू नका. "फोटोसाठी जरा आत घ्या" हे वाक्य टाळा. कोरड्या गवतावर चाकाचा चरा पडला की वर्षानुवर्षं राहतो, त्यातून पाणी आणि वारा माती नेतात. काडाच्या चौकोनांवर पाय देऊ नका, ती कुणाची तरी मेहनत आहे.

तीन, गेरमधे शिरताना उंबऱ्यावर पाय ठेवू नका. दिलेला चहा निदान ओठाला लावा. आपल्याकडेही पाहुण्यानं पाणी नाकारलं की बरं वाटत नाही.

चार, प्रत्येक मोकळ्या जागी स्थानिक माणसाला एक प्रश्न विचारा : इथे आधी कोण होतं? उत्तर कधी मिळेल, कधी विषय बदलला जाईल. विषय बदलला तर रेटू नका. आपण दोन दिवसांनी विमानात बसतो, उत्तर देणारा तिथेच राहतो.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : एवढं सगळं असेल, तर अशा ठिकाणी जाऊच नये का?*

जावं. त्या घोडेवाल्याच्या चाऱ्याचे पैसे आपल्याकडूनच निघतात, हे विसरून चालणार नाही. आपण गेलो नाही म्हणून कुंपण निघणार नाही. फक्त आपण 'काहीच नसलेली जागा' बघायला आलोय, असं म्हणू नये. तिथल्या माणसाला ते ऐकू जातं.

*प्रश्न : याचा आपल्याशी काय संबंध? आपल्याकडे मेंढपाळांना असं हलवलं जात नाही.*

आपल्या सरकारी कागदांत माळरानाला काय म्हणतात ते आठवा. पडीक जमीन. सोलापूरजवळ नान्नजला ज्या गवतात माळढोक राहायचा, त्या प्रकारची जमीन पडीकच्या यादीत जाते. पडीक ठरली की तिचा काहीतरी 'उपयोग' करायला हवा, मग झाडं लावा, कारखाना आणा, सोलर बसवा. धनगराच्या मेंढ्या तिथे शेकडो वर्षं चरतायत, हा उपयोग कुणी मोजत नाही. पुढच्या वेळी सोलापूर रस्त्यानं जाताना बसच्या खिडकीतून मोकळा माळ दिसला, आणि शेजारचा म्हणाला "इथे काहीच नाही", तर त्याला विचारा, तुम्ही किती वाजता बघताय?

*प्रश्न : त्या काकांनी परत आल्यावर काय सांगितलं?*

(हसून) फोटो दाखवले. घोड्यांचा एक, आणि त्या बाकावरच्या आजोबांचे अकरा.